टाइमलाइन साउंडकडे सोपवताना: खर्च किती आणि कुणाचा?

शॉर्ट फिल्मचं बजेट लिहिताना कॅमेरा, लाइट, जेवण, प्रवास, संकलन, साउंड, संगीत हे रकाने आपण भरतो. संकलन संपल्यापासून साउंड सुरू होईपर्यंतच्या कामाला मात्र रकाना नसतो. संकलकाने टाइमलाइनवर तुकड्यातुकड्यांनी बसवलेला आवाज साउंड इंजिनिअरच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच जागी आणि त्याच क्रमाने पोचवायचा, एवढंच हे काम. या धंद्यात त्याला टर्नओव्हर म्हणतात. संकलकाला वाटतं, एक बटण दाबलं की झालं. साउंड इंजिनिअरला वाटतं, येईल ते तयारच येईल. आणि निर्मात्याला या दोघांच्या मध्ये काही काम आहे हेच ठाऊक नसतं. मग साउंडच्या पहिल्या दिवशी स्टुडिओचं भाडं चालू असताना सगळे मिळून हरवलेल्या फाइल शोधत बसतात.

स्वतःच्या किंवा मित्रांच्या पैशातून शॉर्ट फिल्म, माहितीपट किंवा पहिला मराठी सिनेमा करणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. या कामात सॉफ्टवेअरवर होणारा खर्च किरकोळ आहे, बहुतेक वेळा शून्यच. पैसे जातात ते माणसांच्या तासांवर, आणि त्यातले बरेचसे वाचवता येतात.

फाइल काय नेते, काय मागे ठेवते

संकलनाच्या सॉफ्टवेअरमधून आवाज बाहेर काढायचे दोन प्रकार तुमच्या कानावर येतील: ओएमएफ आणि एएएफ. ओएमएफ जुना, नव्वदच्या दशकातला. त्याला २ जीबीची मर्यादा आहे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट या नेहमीच्या दर्जात एका मोनो ट्रॅकचा एक तास सुमारे ५१८ एमबी घेतो. म्हणजे २ जीबीत सगळे ट्रॅक धरून जेमतेम चार तासांचा आवाज मावतो. दहा मिनिटांच्या फिल्मला ते पुरतं. शंभर मिनिटांच्या सिनेमात सोळा ट्रॅक असतील तर मुळीच पुरत नाही. एएएफ त्यानंतरचा आणि आज सर्रास वापरला जाणारा. साउंड इंजिनिअरने मुद्दाम ओएमएफ मागितला नसेल तर एएएफच द्या.

एएएफ म्हणजे मुख्यतः एक नकाशा असतो: कोणता तुकडा कोणत्या ट्रॅकवर, कोणत्या क्षणी सुरू होतो आणि मूळ फाइलमधला कोणता भाग वापरला आहे. त्याच्यासोबत, किंवा त्याच्या पोटात, प्रत्यक्ष आवाज जातो. आवाजाची कमी-जास्त पातळी आणि साधे फेड बहुधा नीट पोचतात. संकलकाने लावलेले इफेक्ट, म्हणजे इक्यू, नॉइज रिडक्शन, रिव्हर्ब, पोचत नाहीत. वेग बदललेले क्लिप, नेस्ट केलेले सीक्वेन्स, मल्टिकॅम आणि प्रीमिअरमधले मर्ज केलेले क्लिप ही भांडणाची हमखास ठिकाणं. कधी तुकडा रिकामा येतो, कधी चुकीच्या जागी, कधी येतच नाही. म्हणून एएएफ काढण्याआधी संकलकाने टाइमलाइनची प्रत करावी आणि त्या प्रतीवर नेस्ट उलगडावेत, मल्टिकॅम सपाट करावेत, वेग बदललेला आवाज रेंडर करून पुन्हा ठेवावा. मूळ टाइमलाइनला हात लावू नये.

एक पर्याय लोक विसरतात. प्रत्येक ट्रॅक पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत एक सलग वेव्ह फाइल म्हणून काढायचा. हे सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये चालतं, फुकट आहे आणि सिंक हलत नाही. तोटा मोठा आहे: कापलेल्या जागेच्या अलीकडचा-पलीकडचा आवाज त्यात उरत नाही, त्यामुळे संवाद संकलन करणाऱ्याचे हात बांधले जातात. आठ-दहा मिनिटांच्या यूट्यूब मुलाखतीला एवढं पुरेसं आहे, तिथे एएएफच्या भानगडीत पडूच नका. सिनेमासाठी मात्र हा मार्ग एएएफची राखीव प्रत म्हणून वापरावा.

कोणत्या सॉफ्टवेअरला किती पैसे

प्रीमिअर प्रोमध्ये संकलन झालं असेल तर वेगळा खर्च नाही. एक्स्पोर्टच्या मेनूत एएएफ आणि ओएमएफ दोन्ही आहेत. ४८०००, २४ बिट, ब्रॉडकास्ट वेव्ह, ‘ब्रेकआउट टू मोनो’ चालू, क्लिप इफेक्ट रेंडर करण्याचा पर्याय बंद, आणि आवाज पूर्ण न देता हँडलसह कापून द्यायचा. हँडल म्हणजे प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही कडांना राखलेला जादा आवाज. दोन वाक्यांमधली खोलीची शांतता, पुढच्या शब्दाआधीचा श्वास हे सगळं त्या जादा भागातून मिळतं. संवादांसाठी किमान पाच सेकंद ठेवा. २४ फ्रेमच्या फिल्मला १२० फ्रेम, २५ च्या फिल्मला १२५. त्याने फाइल थोडी फुगते, इतकंच.

डाविंची रिझॉल्व्हची मूळ आवृत्ती मोफत आहे, स्टुडिओ आवृत्ती एकदाच २९५ डॉलर देऊन मिळते. रिझॉल्व्हच्या डिलिव्हर पानावर प्रो टूल्ससाठी तयार सेटिंग आहे, ते एएएफ आणि आवाजाच्या फाइल एकत्र काढून देतं. शिवाय आवाजाचं काम करण्याचं फेअरलाइट हे पान २०१७ च्या आवृत्तीपासून रिझॉल्व्हमध्येच आहे. तुमचा साउंड इंजिनिअर फेअरलाइटमध्ये सराईत असेल तर हस्तांतराची गरजच संपते. तोच प्रोजेक्ट आणि तोच मीडिया त्याच्याकडे द्यायचा. विद्यार्थ्यांच्या फिल्मसाठी हा सगळ्यात स्वस्त रस्ता आहे आणि मी तो मनापासून सुचवतो. पण फेअरलाइट न येणाऱ्या माणसावर तो लादू नका. नवं सॉफ्टवेअर शिकण्याचे तास शेवटी तुमच्याच बिलात येतात.

फायनल कट प्रोवाल्यांना मात्र खिशात हात घालावा लागतो. २०११ मध्ये हे सॉफ्टवेअर नव्याने आलं तेव्हा जुन्या आवृत्तीतला ओएमएफ गेला, आणि एएएफ त्यात थेट निघत नाही. एक्सएमएल फाइल काढायची आणि तिचं एएएफ करून देणारं एक्स२प्रो ऑडिओ कन्व्हर्ट हे अॅप विकत घ्यायचं, हा रूढ मार्ग. त्याची किंमत दीडशे डॉलरच्या आसपास. एका शॉर्ट फिल्मसाठी तुम्ही ते घेऊ नये. ते ज्याच्याकडे आहे अशा संकलकाला रूपांतराचे पैसे द्या. दुसरी वाट लॉजिक प्रोची. ते फायनल कटची एक्सएमएल फाइल उघडतं आणि स्वतः एएएफ काढून देऊ शकतं. ओळखीच्या संगीतकाराकडे लॉजिक असण्याची शक्यता बरीच असते, आधी त्याला फोन करा. दोन्ही वाटांनी जाण्यापूर्वी प्रत्येक क्लिपला रोल लावून घ्या: संवाद, इफेक्ट, संगीत. फायनल कटमध्ये ठरावीक ट्रॅक नसतात. रोल नसले तर साउंड इंजिनिअरपुढे नुसता ढीग पडतो, आणि तो निवडण्याचे तास तुम्ही भरता.

घेणाऱ्या बाजूला प्रो टूल्स आणि न्यूएन्डो एएएफ थेट उघडतात. रीपर स्वस्त आहे. व्यक्तींना आणि छोट्या व्यवसायांना ६० डॉलरचा परवाना पुरतो. त्यामुळे घरून काम करणाऱ्या तरुण मंडळींमध्ये ते लोकप्रिय आहे. पण रीपर एएएफ थेट उघडत नाही, मध्ये रूपांतर करणारं दुसरं सॉफ्टवेअर लागतं. ते आहे का आणि आधी कधी वापरलं आहे का, हा प्रश्न काम देण्याआधी विचारा.

लोकेशनचा आवाज: इथे कंजुषी नको

आपल्याकडे बराच काळ सिनेमा डबिंगवर चालला. चित्रीकरणाच्या वेळी रेकॉर्ड झालेला आवाज नुसता पायलट ट्रॅक असायचा, ओठांची जुळणी करण्यापुरता. तो टर्नओव्हरमध्ये बिघडला तरी फारसं नुकसान नव्हतं, कारण शेवटी तो फेकूनच द्यायचा होता. २००१ च्या ‘लगान’ने मोठ्या प्रमाणावर सिंक साउंड करून दाखवला आणि हळूहळू चित्र बदललं. आता कमी बजेटची मराठी फिल्मसुद्धा लोकेशनचाच आवाज ठेवते. याचा अर्थ टाइमलाइनवरचा प्रत्येक तुकडा अंतिम फिल्मचा कच्चा माल आहे. तो हरवला तर नटाला परत बोलावून डबिंग करावं लागतं, आणि कोल्हापूरच्या वाड्यात बोललेलं वाक्य मुंबईच्या बूथमध्ये तसं निघत नाही.

लोकेशन रेकॉर्डिस्टच्या यंत्रातून बहुधा अनेक चॅनेलची एकच वेव्ह फाइल निघते. त्यात एक ढोबळ मिक्स, बूमचा वेगळा चॅनेल आणि प्रत्येक नटाच्या लेपल माइकचा वेगळा चॅनेल असतो. संकलक कामाच्या ओघात ढोबळ मिक्सच वापरतो, आणि ते बरोबरच आहे. पण एएएफमधून तेवढंच साउंडकडे गेलं तर बूमवर विमान आल्यावर लेपलकडे वळण्याची सोय राहत नाही. म्हणून एएएफसोबत लोकेशनच्या सगळ्या मूळ फाइल, दिवसवार फोल्डरसह, आणि रेकॉर्डिस्टचे साउंड रिपोर्ट द्यायचे. खर्च एका हार्ड डिस्कचा आणि कॉपी करायला लागणाऱ्या वेळाचा.

त्या फाइलमध्ये सीन, टेक, टाइमकोड आणि चॅनेलची नावं नोंदलेली असतात. त्या नोंदींवरून साउंड इंजिनिअर ढोबळ मिक्सच्या जागी वेगळे चॅनेल झपाट्याने आणून ठेवू शकतो. संकलन सुरू करताना कुणी हौसेने फाइलची नावं बदलली, किंवा हलक्या व्हाव्यात म्हणून त्यांचं एमपी३ केलं, की ही सोय गेली. मग प्रत्येक संवादासाठी टेक कानाने शोधत बसावं लागतं. साउंडच्या बिलात सगळ्यात महाग पडणारी चूक कोणती असं विचारलं तर मी हीच सांगेन, आणि ती संकलनाच्या पहिल्याच दिवशी होते. तेव्हा चित्रीकरण संपताच संकलकाला लेखी कळवा: लोकेशनच्या फाइलची नावं बदलायची नाहीत, रूपांतर करायचं नाही.

संकलकाने ट्रॅकही वेगळे ठेवावेत. पहिले काही संवादांचे, मग इफेक्टचे, शेवटी संगीताचे, आणि तात्पुरतं लावलेलं संगीत स्वतंत्र ट्रॅकवर. फिल्म पुढे दुसऱ्या भाषेत डब होण्याची शक्यता असेल तर हे विभाजन दुप्पट महत्त्वाचं, कारण संवाद वगळून बाकीचा आवाज, म्हणजे एम अँड ई, वेगळा द्यावा लागेल. बंद करून ठेवलेले क्लिप टाइमलाइनच्या प्रतीतून काढून टाका. पलीकडे ते कधीकधी जिवंत होऊन बोलू लागतात.

फ्रेमचा हिशेब

फिल्म २३.९७६ फ्रेमवर आहे की २४ वर, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. दोहोंत फरक फक्त एक हजारांशाचा. पण आवाज एका हिशेबाने आणि चित्र दुसऱ्या हिशेबाने चाललं तर दीड मिनिटाच्या आत दोन फ्रेमचा फरक पडतो आणि तासाला ३.६ सेकंदांचा. दोन-तीन फ्रेमला ओठ सुटलेले दिसू लागतात. टीव्हीसाठीचं काम आपल्याकडे २५ फ्रेमवर होतं, तो तिसराच हिशेब. त्यामुळे चित्रीकरणाआधीच एक आकडा ठरवा आणि तो कॅमेरामन, रेकॉर्डिस्ट, संकलक, साउंड इंजिनिअर या चौघांनाही कळवा.

मोबाइलवर चित्रीकरण करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. फोन बऱ्याचदा फ्रेमचा वेग स्थिर ठेवत नाही, गरजेप्रमाणे बदलत राहतो. अशा क्लिप संकलनात घेण्याआधी स्थिर वेगाच्या करून घ्या. हँडब्रेकसारखं मोफत सॉफ्टवेअर हे काम करतं. तसंच डाउनलोड केलेलं संगीत ४४.१ किलोहर्ट्झचं किंवा एमपी३ असेल तर टाइमलाइनवर आणण्याआधी त्याचं ४८ किलोहर्ट्झचं वेव्ह करा.

एएएफसोबत एक व्हिडिओ जातो. तो नेमका त्याच लॉक झालेल्या, म्हणजे संकलन पक्कं ठरलेल्या, टाइमलाइनचा असावा, त्यावर टाइमकोड छापलेला असावा आणि आवाजात संकलकाचा ढोबळ मिक्स असावा, म्हणजे साउंड इंजिनिअरला प्रत्येक तुकडा ताडून पाहता येतो. फिल्मची पहिली फ्रेम ०१:००:००:०० ला सुरू करायची आणि बरोबर दोन सेकंद आधी, ००:५९:५८:०० ला, एका फ्रेमपुरता एक किलोहर्ट्झचा टोन द्यायचा. हा टू-पॉप. शेवटच्या फ्रेमनंतर दोन सेकंदांनी तसाच दुसरा. दोन्ही टोन दोन्हीकडे जुळले की सिंकचा वाद मिटतो. हे करायला पाच मिनिटं लागतात, आणि न केल्याने दिवस गेलेले आहेत.

पाठवण्याचं म्हणाल तर वीस मिनिटांच्या फिल्मचं एएएफ गूगल ड्राइव्हच्या मोफत १५ जीबीत सहज बसतं. लोकेशनच्या सगळ्या फाइल मात्र डिस्कवरच द्या. जुना पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा असेल तर ४ जीबीहून मोठी एकही फाइल तो घेत नाही, त्यामुळे आधी एक्सफॅट करून घ्या.

तासांचा हिशेब

स्टुडिओचे दर गावागणिक, खोलीगणिक आणि माणसागणिक बदलतात. कुणी तासावर घेतं, कुणी आठ तासांच्या शिफ्टवर, कुणी सबंध फिल्मचा एकरकमी आकडा सांगतं. म्हणून खालचे दर मी उदाहरणापुरते धरले आहेत. त्या जागी तुमचे घाला.

वीस मिनिटांची शॉर्ट फिल्म. समजा साउंड इंजिनिअर खोलीसह ताशी १,२०० रुपये घेतो आणि संकलक ताशी ८००. टाइमलाइनची प्रत करणं, ट्रॅक लावणं, नेस्ट उलगडणं, एएएफ आणि व्हिडिओ काढून तपासणं याला जागरूक संकलकाला चारेक तास लागावेत. म्हणजे ३,२०० रुपये. पलीकडे उघडून ताडून पाहायला दोन तास, २,४०० रुपये. एकूण ५,६०० रुपयांत काम मार्गी लागतं.

आता हेच काम तयारीशिवाय झालं असं समजा. हरवलेल्या फाइल, चुकीच्या जागी आलेले तुकडे, संकलकाला पुन्हा फोन, नवं एएएफ, आधी केलेलं पुन्हा करणं. दोन दिवस सहज जातात. सोळा तासांचे १९,२०० रुपये, आणि स्टुडिओ जीएसटी नोंदणीकृत असेल तर त्यावर १८ टक्के धरून २२,६५६ रुपये. फिल्ममध्ये यातून एकही चांगला ध्वनी वाढलेला नसतो. एकरकमी ठरवलं असेल तर आकडा बदलत नाही, पण ते दोन दिवस तुमच्याच फोलीतून आणि अॅम्बियन्समधून कापले जातात.

खरी खड्ड्यात घालणारी गोष्ट म्हणजे पिक्चर लॉकनंतर केलेला बदल. दिग्दर्शकाला चौथ्या मिनिटाला बारा फ्रेम कमी हव्या असतात. चित्रात तो एक काप असतो. साउंडमध्ये त्यापुढचे सगळे ट्रॅक, सगळं ऑटोमेशन बारा फ्रेम मागे आणावं लागतं आणि कापाच्या जागी पार्श्वध्वनीचा सांधा पुन्हा जुळवावा लागतो. असे दहा काप झाले की रिकन्फॉर्म हे वेगळं काम बनतं, आणि त्याचे वेगळे पैसे मागणं पूर्णपणे रास्त आहे. साउंड सुरू झाल्यावर ‘छोटासा बदल’ सुचवणाऱ्या दिग्दर्शकाला निर्मात्याने त्याची किंमत आधी सांगावी. बदल करावाच लागला तर नव्या एएएफसोबत बदलांची यादी, जुना-नवा टाइमकोड लिहून, द्यावी.

करार दोन पानांचा असो की व्हॉट्सअॅपवरचा, त्यात या गोष्टी शब्दांत असाव्यात: टर्नओव्हर तयार करणं संकलकाच्या मोबदल्यात धरलं आहे की वेगळं, आलेलं एएएफ सदोष निघालं तर दुरुस्तीचे तास कुणाचे, लॉकनंतरच्या बदलाचा दर काय, आणि सांगितलेल्या आकड्यात जीएसटी आहे की नाही. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्याला जीएसटी नोंदणी बंधनकारक नाही, त्यामुळे घरून काम करणाऱ्या इंजिनिअरचा आणि मोठ्या स्टुडिओचा दर ताडताना हा फरक धरा.

संकलकांचीही बाजू आहे आणि ती मांडायला हवी. टर्नओव्हर हे कौशल्याचं काम आहे, आणि ते बहुतेक वेळा ठरलेले पैसे संपल्यावर, रात्री, फुकट करून घेतलं जातं. मग ते घाईत होतं आणि त्याची किंमत साउंडच्या खोलीत चुकवावी लागते. संकलकाला या कामाचा एक दिवस मोजून द्या. वर सांगितलेल्या सगळ्या उपायांत पैसे सगळ्यात जास्त वाचवणारा उपाय हाच आहे.

आणि लॉकची वाट न पाहता, संकलन अर्ध्यावर असतानाच, दोन मिनिटांचा एक तुकडा एएएफ करून साउंड इंजिनिअरकडे पाठवा. त्यात एक संवादाचा प्रसंग, एक वेग बदललेला क्लिप आणि थोडं संगीत असू द्या. तो त्याच्याकडे सिंकमध्ये उघडला, प्रत्येक तुकडा वाजला आणि हँडल पुरेसे निघाले, तर पुढच्या फिल्मसाठीही तेच सेटिंग लिहून ठेवा. नाही उघडला तर दुरुस्त करायला तुमच्याकडे अजून वेळ असेल. स्टुडिओची तारीख या चाचणीनंतरच बुक करा.